चौकटीतला आकडा

मुलांनो, मागच्या महिन्यात माझ्याच वर्गात मला एका प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. बाईंना सगळंच येत नाही हे तुम्हाला ठाऊक असतंच. आम्हीच ते कबूल करत नाही, एवढंच!

झालं असं. आमच्या चौथीतला एक मुलगा मुलुंडला, पूर्व द्रुतगती महामार्गाच्या जवळ राहतो. त्याला गाड्यांचे नंबर टिपायचा नाद. गणिताच्या वहीची मागची चार पानं त्यानं नंबरांनी भरून टाकली होती. (पालकांनो, मुलांच्या वह्यांची मागची पानं अधूनमधून वाचत जा. खरा अभ्यास तिथं असतो.) मी रागावणार, तेवढ्यात लक्षात आलं की हे काही मोटारींचे नंबर नाहीत. लांबलचक ट्रेलरवर लोखंडी पेट्या लादून नेतात ना, त्या कंटेनरवरचे ते नंबर होते. प्रत्येक नंबर एकाच धाटणीचा. आधी चार इंग्रजी अक्षरं, मग सहा आकडे आणि मग एक आकडा वेगळा, चौकोनी चौकटीत बसवलेला.

"बाई, हा शेवटचा आकडा एकटाच चौकटीत का?"

मी म्हटलं, "उद्या सांगते." हे वाक्य आम्हा शिक्षकांच्या फार उपयोगाचं आहे.

उद्याचा परवा झाला, परवाचा सोमवार झाला. शेवटी त्यालाच माझी दया आली असावी. म्हणाला, "बाई, आमच्या आजोबांना विचारायचं का? ते गोदीत होते."

शनिवारी शाळा सुटल्यावर मी त्यांच्या घरी गेले. आजोबा ऐंशीच्या पुढचे, पण मनगट अजून जाडजूड. प्रश्न ऐकून ते काहीच बोलले नाहीत. उठून कपाटाच्या वरून एक वस्तू काढून आणली. लाकडी मूठ आणि तिच्यातून पुढं आलेला, कोयत्यासारखा वळलेला लोखंडी गज.

"बाई, तुम्ही त्या आकड्याचं विचारताय. आमचा आकडा हा."

हा आकडा गोणीत रुतवायचा आणि गोणी ओढून पाठीवर घ्यायची. गहू, साखर, खत, सिमेंट... क्विंटलची गोणी, म्हणजे शंभर किलो. आपल्या वर्गातली चार मुलं एका वेळी पाठीवर घेतल्यासारखं! बोटीच्या पोटात एक टोळी उतरायची. ती गोण्या जाळीत रचायची. क्रेन जाळी वर उचलून धक्क्यावर ठेवायची, तिथं दुसरी टोळी त्या वाहून शेडमध्ये नेऊन थप्पी लावायची. आणि मध्ये कागद-पेन्सिल घेऊन टॅली क्लार्क उभा. जाळीत किती गोण्या आल्या, किती फाटल्या, किती ओल्या निघाल्या, हे मोजणं त्याचं काम. चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. तुम्ही क्रिकेटच्या धावा मोजता ना, तसंच.

"आणि त्याचं चुकलं तर?" नातवानं विचारलं.

"चुकायचंच की. मग भांडणं. बोटवाला म्हणणार हजार दिल्या, आम्ही म्हणणार नऊशे नव्वद."

एक मोठी बोट अशी रिकामी करायला आठवडे लागायचे. त्यात पाऊस आला की काम बंद. १९७०च्या दशकात तर बोटी मुंबईच्या बाहेर समुद्रात आपली पाळी येण्याची वाट बघत दिवसचे दिवस नांगर टाकून उभ्या असत.

आता गोदी म्हणजे काय ते तुम्ही विचाराल. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना 'माझगाव डॉक' तेवढं माहीत होतं, पण तिथं जहाजं बांधतात. गोदी म्हणजे बोट येऊन उभी राहील, माल चढवता-उतरवता येईल असा बांधीव तलाव. मुंबईत पोर्ट ट्रस्ट १८७३ साली स्थापन झाला. १८७५ साली ससून गोदी झाली. आज तिथं मासळीचा बाजार भरतो. १८८० साली प्रिन्सेस, १८८८ साली व्हिक्टोरिया आणि १९१४ साली अलेक्झांड्रा गोदी झाली. अलेक्झांड्राचंच नाव पुढं इंदिरा गोदी झालं. ही सन-सनावळी पाठ करू नका, मी विचारणार नाही.

लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. आपल्याकडे मोठ्या भरतीला समुद्राचं पाणी ओहोटीच्या मानानं चार-साडेचार मीटर चढतं. म्हणजे जवळजवळ दीड मजला! बोट उघड्या धक्क्याला बांधली, तर सकाळी ती धक्क्याच्या वर डोकावेल आणि दुपारी खाली गेलेली असेल. माल काढायचा कसा? म्हणून गोदीला दरवाजे केले. भरतीचं पाणी आत घ्यायचं आणि दरवाजा लावून कोंडून ठेवायचं. बाहेर ओहोटी लागो, आत बोट जागच्या जागी. पण या युक्तीत एक अडचण होती. जुन्या गोद्यांचे दरवाजे भरतीच्या सुमारासच उघडता येत. इंदिरा गोदीला म्हणून दोन दरवाजे आहेत आणि त्यांच्यामध्ये एक लांबच लांब पाण्याची खोली. बोट त्या खोलीत आली की मागचं दार लावायचं, पाणी आतल्या पातळीला आणायचं आणि मग पुढचं दार उघडायचं. म्हणजे ओहोटी असली तरी बोटीला ये-जा करता येते.

आजोबांचे वडीलही गोदीतच होते. त्यांच्या वेळी काम मिळायचं ते टोळीवाल्याच्या मर्जीवर. पहाटे दारापाशी जाऊन उभं राहायचं आणि तो बोट दाखवेल त्यानं आत जायचं. बाकीचे घरी परत. कामगारांनी संघटना केल्या, लढे दिले. १९४८ साली गोदी कामगारांसाठी कायदा झाला आणि त्यातून पुढं नोंदणी, पाळी, बोट नसली तरी हजेरीचे पैसे अशी व्यवस्था आली. सी.एस.एम.टी. स्थानकाच्या मागून जो पी. डिमेलो रस्ता जातो ना, तो या गोदी कामगारांच्या पुढाऱ्याच्याच नावाचा.

"चांगले दिवस आले आणि पाठोपाठ पेटी आली," आजोबा म्हणाले.

ही पेटी एका ट्रकवाल्याच्या डोक्यातून निघाली. अमेरिकेतले माल्कम मॅकलीन. ट्रकमधला माल एकेक करून उतरवायचा, बोटीत भरायचा, पलीकडे पुन्हा एकेक करून काढायचा. या सगळ्यापेक्षा ट्रकची पेटीच उचलून बोटीवर का ठेवू नये? २६ एप्रिल १९५६ रोजी 'आयडियल एक्स' ही त्यांची बोट अशा ५८ पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघाली. आता गंमत बघा, कल्पना केवढीशी! दप्तरातली वह्या-पुस्तकं एकेक करून दुसऱ्या बाकावर नेण्याऐवजी दप्तरच उचलून नेलं. पण त्या कल्पनेनं जगातली सगळी बंदरं बदलली. भारतात पहिली कंटेनरवाहू बोट १९७३ साली कोचीनला आली आणि मग मुंबईतही पेट्या दिसू लागल्या.

पेटीचं मूळ माप वीस फूट लांब, आठ फूट रुंद, साडेआठ फूट उंच. क्षेत्रफळ काढा बरं. १६० चौरस फूट. चाळीतली दहा बाय पंधराची खोली १५० चौरस फुटांची, म्हणजे एका कुटुंबाच्या बिऱ्हाडापेक्षा पेटी थोडी मोठीच. तिच्या आठही कोपऱ्यांना सारख्याच मापाची भोकं असतात. क्रेनचा चौकोनी सांगाडा वरून खाली येतो, वरच्या चार भोकांत चार खुंट्या शिरतात, पाव वळसा घेतात, की पेटी पकडली! हेच कुलूप ट्रेलरवर, हेच रेल्वेच्या वाघिणीवर, हेच बोटीवर. मुलुंडला, सिंगापूरला नि हॉलंडमध्ये भोकाचं माप एकच. जगातल्या देशांचं एकमत झालेल्या ज्या थोड्या गोष्टी आहेत, त्यांतली ही एक.

आणि गोण्यांच्या आकड्याचं काय? पेटीला आकडा लावता येत नाही. ज्या कामाला टोळ्याच्या टोळ्या लागत, ते काम क्रेनवरचा एक माणूस करू लागला. हळूहळू गोदीतली भरती थांबली, आजोबांच्या बरोबरीचे कितीतरी जण स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले. काही गावाला गेले, काहींनी भाजीची गाडी लावली. आजोबा सांगत होते तेव्हा आवाजात राग नव्हता. "पाठ वाचली," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "पण पोरांना लावता नाही आलं तिथं."

मुंबईच्या बंदरात आजही बोटी येतात. तेल येतं, लोखंड येतं, मोटारी बोटीत चढतात. पण पेट्या मात्र खाडीपलीकडे गेल्या. मुंबई बेट अरुंद. पेट्यांना लागते मैदानंच्या मैदानं जागा, आणि ट्रेलर शहरातून न्यायचे म्हणजे काय, ते महामार्गाशेजारी राहणाऱ्यांना विचारा. म्हणून उरण तालुक्यात न्हावा-शेवा इथं नवं बंदर बांधलं. २६ मे १९८९ रोजी ते सुरू झालं. त्याला जवाहरलाल नेहरू बंदर म्हणतात. घारापुरीची लेणी बघायला गेलात, तर लाँचमधून पलीकडे नजर टाका. जिराफांची रांग पाणी प्यायला उभी असावी, तशा उंच क्रेन दिसतात. तेच ते.

तिथं चालतं कसं? बोट जवळ आली की बंदराचा पायलट छोट्या लाँचमधून जातो आणि दोरीच्या शिडीनं बोटीवर चढतो. हो, चालत्या बोटीवर! विमानाचा नव्हे, हा पाण्यातला वाटाड्या. कप्तानानं जग पाहिलं असेल, पण इथला गाळ कुठं, प्रवाह कुठला, हे यालाच ठाऊक. मग टग नावाच्या दणकट बोटी तिला ढकलत-ओढत धक्क्याला लावतात. क्रेनवाला उंच काचेच्या केबिनमध्ये बसून पायांखाली बघत काम करतो. तासाला पंचवीस-तीस पेट्या तो उचलतो किंवा ठेवतो.

पण पेट्या कशाही रचून चालत नाही. जड खाली, हलकी वर. १ जुलै २०१६ पासून तर जगभर नियमच आहे की वजन केल्याशिवाय भरलेली पेटी बोटीत चढवायची नाही. शिवाय जी आधी उतरायची, ती वर हवी. हे मुंबईच्या मुलांना शिकवायला नको. सी.एस.एम.टी.हून लोकलमध्ये चढलेला मुलुंडचा माणूस आत सरकतो आणि घाटकोपरचा दाराशी उभा राहतो. घाटकोपरवाला आत अडकला की काय होतं? पेट्यांचंही तेच होतं. खालची काढण्यासाठी वरच्या सगळ्या हलवाव्या लागतात.

काही पेट्यांना विजेची वायर लावलेली असते. त्या म्हणजे मोठे फ्रीजच. नाशिकची द्राक्षं त्यातून शून्य अंशाच्या आसपास गार राहून युरोपात जातात.

२०२४-२५ या वर्षात न्हावा-शेव्याला, वीस फुटी पेटीच्या मापानं मोजलं तर, सुमारे ७३ लाख पेट्यांची ये-जा झाली. ३६५ नं भागा. मी भागाकार केला तेव्हा मला वाटलं, कुणी तरी मुद्दाम सोपं गणित घातलंय. रोजच्या २०,०००!

आता विचार करा. वीस हजार पेट्या, सगळ्या बंद, सगळ्यांना सील. आत काय आहे ते दिसत नाही. आजोबांना गोणी फाटली की कळायचं गहू की साखर. इथं सगळा भरवसा कागदावर नि नंबरावर. आणि आत काय आहे हे विसरलं तर काय होतं, ते मुंबईनं १४ एप्रिल १९४४ रोजी पाहिलंय. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाची बोट उभी होती. युद्धाचे दिवस. तिच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं, आणि त्याच बोटीत कापसाचे गठ्ठे! कापूस पेटला. दुपारी चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला आणि मग दुसरा. शेकडो माणसं गेली. आग विझवायला धावलेले ६६ अग्निशामक जवान गेले. सिमल्याच्या भूकंपमापकावर त्या हादऱ्याची नोंद झाली. दर वर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात, तो त्यांच्या स्मरणार्थ. आज धोक्याचा माल असलेल्या पेटीवर शंकरपाळ्याच्या आकाराची रंगीत खूण आणि तिच्यात क्रमांक असतो, आणि कुठला माल कुठल्या मालाशेजारी ठेवायचा नाही याचे नियम आहेत. ट्रेलरवर तशी खूण दिसली तर मला कळवा.

आणखी एक गोष्ट, जी क्रेनकडे बघताना दिसत नाही. न्हावा आणि शेवा ही दोन गावांची नावं आहेत. शेवा कोळीवाडा बंदरासाठी उठला. तिथल्या कोळी कुटुंबांना उरणजवळ नवी जागा दिली, तिला हनुमान कोळीवाडा म्हणतात. पण त्या घरांना वाळवी लागली. भिंती, दारं, सगळं पोखरलं, आणि चांगल्या जागेसाठी ती माणसं वर्षानुवर्षं मागणी करत राहिली. उरणच्या शेतकऱ्यांचीही कथा आहे. नवी मुंबईसाठी जमिनी घेतल्या जात होत्या, तेव्हा दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी मोठं आंदोलन झालं. गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर जमीन गेलेल्यांना साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचा नियम आला. आता पालघर जिल्ह्यात वाढवणला आणखी मोठं बंदर होतंय, ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. तिथलेही मच्छीमार विचारताहेत की आमच्या मासेमारीचं काय. हा प्रश्न मी वर्गात घेतला. एक मुलगी म्हणाली, "बाई, बंदर पण पाहिजे आणि त्यांचं घर पण नीट पाहिजे." यापुढचं उत्तर माझ्याजवळही नाही.

पण त्या चौकटीचं उत्तर मात्र सापडलं. आजोबा म्हणाले होते, "तो चूक पकडणारा आकडा. आमचा टॅली क्लार्क म्हणायचा. कसा पकडतो, ते मला नाही माहीत." मग मी तो नियमच शोधून काढला.

पहिली तीन अक्षरं पेटीच्या मालकाची. चौथं अक्षर बहुतेक वेळा 'यू' असतं, म्हणजे मालाची पेटी. पुढं सहा आकडे, त्या पेटीचा अनुक्रमांक. आता अक्षरांचेही आकडे करायचे. ए म्हणजे १०, बी म्हणजे १२, सी १३, असं पुढं. ११, २२ आणि ३३ गाळायचे. मग पहिल्याला १ नं गुणायचं, दुसऱ्याला २ नं, तिसऱ्याला ४ नं, मग ८, १६, ३२, ६४, १२८, २५६, ५१२. बुद्धिबळाच्या पटावरच्या दाण्यांची गोष्ट आठवली ना? सगळ्यांची बेरीज करायची, ११ नं भागायचं. जी बाकी उरेल, तो चौकटीतला आकडा! (बाकी १० उरली तर ० धरतात. त्यामुळं एखादी चूक निसटू शकते, म्हणून शक्यतो असे क्रमांक देतच नाहीत.)

नमुन्याचा क्रमांक मी फळ्यावर लिहिला: सी एस क्यू यू ३०५४३८. सी १३, एस ३०, क्यू २८, यू ३२. अक्षरांची बेरीज १३ + ६० + ११२ + २५६, म्हणजे ४४१. आकड्यांची ४८ + ० + ३२० + ५१२ + ७६८ + ४०९६, म्हणजे ५७४४. एकूण ६१८५. अकरानं भागलं, बाकी ३. सगळ्या वर्गाचं ३ आलं. आमच्या नंबरवाल्याचं १ आलं! पोरं हसली. मी त्याची वही घेऊन बघितली. गुणाकार बरोबर, बेरीज बरोबर, भागाकारही बरोबर. त्यानं फळ्यावरून उतरवतानाच ५ आणि ४ ची अदलाबदल केली होती, ३०४५३८!

नुसती बेरीज करायची असती तर ही चूक कधीच सापडली नसती, कारण ५ आणि ४ काय, ४ आणि ५ काय, नऊच. पण प्रत्येक जागेचा गुणक वेगळा, म्हणून जागा बदलली की बेरीज बदलते. फाटकावर कुणी घाईत क्रमांक चुकीचा टिपला, की हिशेब जुळत नाही आणि चूक तिथंच कळते.

संध्याकाळी त्यानं ते गणित आजोबांना करून दाखवलं. दुसऱ्या दिवशी मला सांगितलं, "आजोबा म्हणाले, टॅली क्लार्कची जागा बघ केवढीशी झाली, एका चौकटीएवढी." त्यानं वहीत त्या लोखंडी आकड्याचं चित्र काढून आणलं होतं. गणिताच्याच वहीत, मागच्या पानावर. मी त्यावर सही केली.

आता तुमची पाळी. अक्षरं तीच, सी एस क्यू यू, म्हणजे ४४१ तयार आहेत. आकडे आहेत २६०५८९. (हे आकडे कुठून घेतले, ते याच लेखात सापडेल.) चौकटीत काय येईल? उत्तर पोस्टकार्डावर पाठवा, गुणाकारासकट. नुसतं उत्तर चालणार नाही. बरोबर उत्तर पुढच्या अंकात.

तुमच्या,
बाई